साक्षीदारच आरोपी

न्यायशास्त्राचं दृष्टांताशिवाय चालत नाही, तेव्हा आधी एक दृष्टांत घेऊ. जुलै महिना आहे, आवणी ऐन भरात आहे. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावकडे एक पेट्रोल व्हॅन निघाली आहे. आत आठ माणसं, मागे युरियाची गोण, एका म्हातारीच्या मांडीवर दवाखान्याच्या कागदांची पिशवी. किन्हवली मागे पडते न पडते तोच गाडी दोन गचके खाते, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा लाइट लागतो आणि गाडी बंद. ड्रायव्हर सेल्फ मारतो. इंजिन गरगर फिरतं, पेट मात्र घेत नाही. माणसं उतरतात, छत्र्या उघडतात, मागून येणाऱ्या जीपला हात करतात. म्हातारीला पुढच्या सीटवर जागा मिळते. व्हॅन टोचन लावून गॅरेजला येते.

मेकॅनिक स्टिअरिंगखाली हात घालून १६ पिनांचं सॉकेट चाचपतो आणि स्कॅनर जोडतो. पडद्यावर एकामागून एक कोड उतरतात. थ्रॉटलचा, हवेच्या दाबाचा, क्रँकचा. तीन सेन्सर एकाच दिवशी, एकाच क्षणी कसे मेले? टपरीवरून चहा घेऊन आलेल्यांपैकी कुणीतरी निकाल देऊन टाकतो, "ईसीएम गेला. गाडीचा मेंदूच गेला." ड्रायव्हरचा चेहरा उतरतो. नवा ईसीएम म्हणजे कित्येक फेऱ्यांची कमाई, शिवाय गाडी उभी राहील त्या दिवसांचा हप्ता वेगळाच.

"दादा, खरंच गेला असेल का?"

"मामा, तो काय म्हणतोय ते वाचलं. तो खरं बोलतोय का, ते अजून बघायचंय."

या एका उत्तरात भारतीय तत्त्वज्ञानातला एक फार जुना वाद येऊन बसला आहे. ईसीएम म्हणजे इंजिनाचं सगळं गणित करणारा संगणक, वहीएवढ्या आकाराचा ॲल्युमिनियमचा डबा. इंजिनात काय चाललंय हे तो सेन्सरांकडून ऐकतो, किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवतो, आणि काही बिघडलं तर कोडच्या रूपानं साक्षही तोच देतो. सेन्सर बिघडला तर ईसीएम सांगतो. पण ईसीएमच बिघडला असेल तर? मग साक्षीदार तोच, आरोपी तोच, आणि जबानीही त्याच्याच तोंडची. ज्या साधनानं आपण जाणतो, त्या साधनातच दोष असेल तर तो दोष कशानं जाणायचा? प्रमाणशास्त्रानं दीड-दोन हजार वर्षं हाच प्रश्न लावून धरला आहे.

पूर्वी हा प्रश्न गॅरेजात यायचा नाही. कार्ब्युरेटरच्या काळात मेकॅनिक प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. कानानं मिसिंग कळायचं, नाकाला कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. मुरबाड तालुक्यात म्हसा गावी पौष पौर्णिमेला यात्रा भरते, तिथल्या बैलबाजारात आजही घेणारा बैलाचा जबडा उघडून दात मोजतो, खूर दाबतो, चालवून बघतो. हे सगळं प्रत्यक्ष प्रमाण. गाडीतला मेंदू आला आणि मेकॅनिक व इंजिन यांच्या मध्ये एक सांगणारा उभा राहिला. बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधन-यंत्रणा १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत बसली. आपल्याकडे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना प्रदूषणाचे युरो निकष लावले आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आज सरळगाव नाक्यावर उभ्या असलेल्या नव्या व्हॅनमध्ये मेंदू आहेच, आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही.

तर तो बोलतो म्हणजे काय करतो? त्याची भाषा आकड्यांची. पी ०३३५ म्हणजे क्रँकच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. यात 'सर्किट' हा शब्द महत्त्वाचा. 'सेन्सर खराब आहे' असं ईसीएम कधीच म्हणत नाही. 'या वायरीवर यायला हवा होता तो करंट मला दिसला नाही' एवढंच तो म्हणतो. वायर उंदरानं कुरतडली असेल, कपलरमध्ये पाणी जाऊन पितळेवर हिरवा गंज चढला असेल, सेन्सर खरोखर मेला असेल, किंवा ऐकणाऱ्याचा कानच गेला असेल. कोड म्हणजे डोंगरावर दिसणारा धूर आहे.

धूर आणि डोंगराचा हा दाखला न्यायशास्त्रात सर्वांत प्रसिद्ध. सतराव्या शतकात अन्नंभट्टानं लिहिलेला 'तर्कसंग्रह' हे न्यायाचं पहिलं पुस्तक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली आणि अजूनही अभ्यासक ती उघडतात. धूर दिसला म्हणजे आग आहे, हे अनुमान पक्कं. पण उलट करून बघा. आग आहे म्हणून धूर असणारच, हे मात्र टिकत नाही. लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आगीनं भरलेला असतो, त्याला धूर कुठे असतो? धूर यायला लाकूड ओलं लागतं. या ओलेपणाला शास्त्रकारांनी उपाधी म्हटलं आहे. शहापूरच्या पाड्यावर श्रावणात चूल पेटवणाऱ्या बाईला ही उपाधी डोळ्यांतल्या पाण्यासकट ठाऊक असते.

चहाच्या कपासकट निकाल देणाऱ्यानं हेच उलटं अनुमान केलं. ईसीएम मेला तर ढीगभर कोड येऊ शकतात, हे खरं. म्हणून ढीगभर कोड आले की ईसीएम मेला, हे खरं नाही. शास्त्रात याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात, म्हणजे कारणासारखं दिसणारं पण भलत्याच घरीही जाणारं लक्षण.

आपल्या दृष्टांतातल्या व्हॅनकडे परत येऊ, कारण इथला तपास बघण्यासारखा असतो. मेकॅनिक कोड वहीत लिहून ठेवतो आणि स्कॅनर बाजूला ठेवतो. बऱ्याच सेन्सरांना तीन वायरी असतात. एकीवर ईसीएम पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थिंगची, तिसरीवरून उत्तर येतं. ही पाच व्होल्टची वायर अनेक सेन्सरांत सामाईक असते, एका विहिरीवर चार घरं पाणी भरतात तशी. मेकॅनिक थ्रॉटलचा कपलर काढून मीटर लावतो. पाच हवेत, तिथे जेमतेम शून्य पूर्णांक एक. दुसऱ्या सेन्सरवर तेच. आता दोन शक्यता उरतात. विहीरच आटली, म्हणजे ईसीएम पाच व्होल्ट देतच नाही. किंवा चार घरांपैकी एका घरात नळ फुटलाय आणि सगळं पाणी तिथे वाहून जातंय. मीटरची पिन तशीच धरून तो एकेक सेन्सरचा कपलर सोडवत जातो. पहिला सोडवला, शून्यच. दुसरा, शून्यच. एसीच्या पाइपावरचा प्रेशर सेन्सर, ज्याचा इंजिन पेटण्याशी सरळ काही संबंध नाही, तो सोडवला आणि मीटरचा आकडा उसळी मारून ४.९८ वर येऊन थांबला. ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलं. गाडी पहिल्या फटक्यात पेटली.

याला शास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. ते असताना हे असतं, ते नसताना हे नसतं. सेन्सर जोडला की बिघाड, काढला की बिघाड नाही, पुन्हा जोडला की पुन्हा बिघाड. पुन्हा जोडून बघायचा कंटाळा करणारे मेकॅनिक बरेच, पण अन्वय त्या तिसऱ्या पायरीला पुरा होतो. ईसीएम इथे निर्दोष होता. त्यानं जे सांगितलं तेही खोटं नव्हतं, सेन्सरांचे आकडे खरोखरच गायब होते. चूक झाली ती ऐकणाऱ्यांची.

इथवर वाट सोपी आहे. खरी अडचण पुढे आहे.

मुरबाडला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी एखाद्या गाडीतल्या पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली तर स्कॅनरवर काय दिसतं? उणे ४० अंश. वायर तुटली की विजेला होणारा रोध अमर्याद होतो, आणि ईसीएमच्या कोष्टकात अमर्याद रोध म्हणजे अतिशय थंडी. बाहेर डांबर वितळतंय आणि गाडीचा मेंदू बर्फात बसल्याच्या समजुतीनं वागायला तयार. भ्रमाचं इतकं स्वच्छ उदाहरण ग्रंथांतही सापडणार नाही. शिंपल्यावर चांदी दिसते तेव्हा नेमकं काय घडतं, यावर आपल्या दर्शनकारांनी वेगवेगळी मतं मांडली. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा अनुयायी, म्हणतो, एका ठिकाणची वस्तू दुसऱ्या ठिकाणी दिसली. प्रभाकराचा मीमांसक, म्हणजे वेदविधींचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतला, म्हणतो, चुकीचं ज्ञान असं काही नसतंच. दोन ज्ञानांमधला फरक लक्षात आला नाही, एवढंच. आजच्या ईसीएमची रचना बघितली तर प्रभाकराचं म्हणणं जवळचं वाटतं. चांगला ईसीएम उणे ४० हा आकडा बघतो, क्षणापूर्वी ९० होतं हे आठवतो, दोन्ही जुळत नाहीत हे ओळखतो, आणि सेन्सरचं ऐकणं सोडून एक ठरीव तापमान धरून गाडी कशीबशी घरी नेतो. आपल्याला कळत नाहीये, हे त्याला कळतं.

आता वाद. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात, ज्ञान झालं की ते स्वतःच प्रमाण असतं. त्याला बाहेरून दाखला लागत नाही. ते खोटं ठरतं दोनच प्रसंगी: पुढे त्याला बाधणारं दुसरं ज्ञान झालं तर, किंवा ज्या साधनानं ते झालं त्यात दोष सापडला तर. नैयायिकांना हे पटत नाही. ज्ञान खरं की खोटं हे त्याच्या पोटात लिहिलेलं नसतं. त्यावर विसंबून कृती करा आणि फळ मिळालं तर ते खरं. दुरून पाणी दिसलं, जवळ गेलात, प्यायलात, तहान भागली, तेव्हा ते पाणी. हा पाण्याचा दाखला शहापूर तालुक्यात वाचताना अंगावर येतो. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं, पुढे वैतरणा आणि भातसाही गेले, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका टँकरची वाट बघतात. कागदावरचं पाणी आणि हंड्यातलं पाणी यांतला फरक त्यांना गौतमाची न्यायसूत्रं न वाचता कळतो.

कोण बरोबर? गाडी चालवणारा दिवसभर कुमारिलाच्या बाजूला असतो आणि त्याला तसंच असावं लागतं. माळशेजच्या वळणावर धुक्यात ब्रेक दाबताना 'हे ज्ञान प्रमाण आहे काय' असा विचार करत कुणी बसत नाही. ईसीएमही मिनिटाला हजारो वेळा सेन्सरावर विश्वास टाकतो, म्हणून तर इंजिन फिरतं. विश्वास पहिला, शंका कारण असेल तेव्हा. दुरुस्तीला बसलेल्या माणसाला मात्र नैयायिक व्हावं लागतं, कारण त्याच्यासमोर गाडी आली आहे तीच मुळी फळ मिळालं नाही म्हणून.

याच रस्त्यावर या वादाच्या जुन्या खुणा आहेत. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागतं. तिथून पायवाटेनं नाणेघाट चढला की सातवाहनांच्या लेण्यात राणीचा ब्राह्मी लेख आहे. केलेल्या यज्ञांची यादी, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आकडे. भारतात अंक कोरलेले जे सर्वांत जुने लेख आहेत, त्यांत हा मोडतो. मीमांसेचं सगळं शास्त्र त्याच यज्ञविधींच्या शब्दांवर उभं आहे, आणि ईसीएमची सगळी बोली अंकांवर. दोन्ही एका भिंतीवर भेटतात. माळशेज घाट ओलांडून महामार्गानं पुढे गेलं की आळे गाव. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवला त्या रेड्याची समाधी तिथे आहे, असं वारकरी मानतात आणि श्रद्धेनं डोकं टेकतात. मीमांसकांचं वेदाबद्दलचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. वेदाला कर्ता नाही, म्हणून कर्त्याचा दोषही त्यात नाही. बोलणाऱ्याचा लोभ, अज्ञान, थकवा शब्दाला लागतो; बोलणाराच नसेल तर लागणार कसा?

यंत्राचा शब्द आपण नकळत असाच ऐकतो. स्कॅनरवर आलं म्हणजे ते कुणा माणसाचं मत नव्हे, त्यात लबाडी कसली, असं वाटतं. पण ईसीएमला कर्ता असतो. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं फोक्सवॅगनला नोटीस दिली तेव्हा हे जगाला कळलं. त्या डिझेल गाड्यांचा ईसीएम स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब यांवरून ओळखायचा की गाडी रस्त्यावर नाही, चाचणीच्या रोलरवर आहे. आणि तेवढ्यापुरता धूर आवरायचा. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होती. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या तपासणीनंतर कंपनीनं डिसेंबर २०१५ मध्ये ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या, आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे पकडलं कसं? वेस्ट व्हर्जिनियातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीचं यंत्र गाडीच्या डिकीत ठेवून ती रस्त्यावर पळवली. ईसीएमला विचारलंच नाही.

न्यायभाष्यकार वात्स्यायनानं आप्त कुणाला म्हणावं हे सांगून ठेवलं आहे. ज्यानं वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे, असंही तो म्हणतो. दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलेलं हे वाक्य आठवलं की मन भरून येतं. खरं बोलण्याला जात लागत नाही. त्या डिझेल गाड्यांच्या ईसीएमला सगळं ठाऊक होतं, सांगण्याची इच्छा मात्र त्याच्या कर्त्यांनी काढून घेतली होती.

मग ईसीएम खरोखर मेला, हे कधी म्हणायचं? दुसरा दृष्टांत. टोकावड्याकडची एक डिझेल जीप, रात्रभर पावसात उभी होती, सकाळी सेल्फ मारला तर नुसती फिरते. स्कॅनर जोडला तर काहीच बोलत नाही. कोड नाही, आकडा नाही, नुसतं 'संपर्क नाही'. अभाव हेही प्रमाण आहे का, यावर कुमारिलाच्या परंपरेतल्या भाट्ट मीमांसकांनी खोल विचार केला. टेबलावर घागर दिसत नाही म्हणून घागर नाही, हे ज्ञान पक्कं. पण एका अटीवर. घागर असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसत नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

चांगला मेकॅनिक आधी खोलीत उजेड करतो. तोच स्कॅनर शेजारच्या चालू गाडीला लावतो. बोलतो, म्हणजे स्कॅनर ठीक. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट आहे का, ४ आणि ५ नंबरला अर्थिंग आहे का? आहे. ईसीएमचा फ्यूज, मेन रिले? ठीक. मग तो असं काही करतो की ज्यात कसब दिसतं. ईसीएमचा मोठा कपलर सोडवून सप्लायच्या पिनेवर नुसता मीटर न लावता हेडलाइटचा बल्ब लावतो. वायरीचा एकच तंतू धड उरला असेल तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर काही मागतच नाही. बल्ब मागतो. तो लख्ख पेटला, प्रत्येक सप्लायवर आणि प्रत्येक अर्थिंगवर पेटला, तेव्हा कुठे 'याला खायला-प्यायला सगळं मिळतंय आणि तरी हा बोलत नाही' असं म्हणता येतं. कपलर परत जोडून सगळे सेन्सर सोडवले, तरी पाच व्होल्ट नाहीत. इथे घागर असती तर दिसली असती.

डबा उघडला तर एका कोपऱ्यात पांढरा-हिरवा थर, आणि एका कपॅसिटरच्या पायाशी ओल सुटून तांब्याची रेघ खाऊन टाकलेली.

या भागातल्या पाड्यांवर भगत सुपात तांदळाचे दाणे टाकून आजार बघतो. त्याच्या बोलीत 'बाधा' म्हणजे बाहेरून लागलेली पीडा; प्रमाणशास्त्रात 'बाध' म्हणजे आधीच्या ज्ञानाला खोटं ठरवणारं नंतरचं ज्ञान. भगताच्या निदानाला बाध होण्याची सोयच नसते. उतारा लागू पडला तर देव पावला, नाही पडला तर बाधा मोठी. बल्ब न लावता 'ईसीएम गेला' म्हणणारं गॅरेज शहरातलं असो, काचेच्या दाराचं असो, त्याचं निदान त्याच जातीचं. आणि त्याची किंमत भरतो तो रोज मुरबाड-कल्याण फेऱ्या मारणारा माणूस.

नवा मेंदू बसवायचा तर त्याचे प्रश्न वेगळे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास म्हणतोस, तर दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. व्यवहारात मात्र या प्रश्नाचं उत्तर आरटीओनं देऊन ठेवलं आहे. आरसीवर चॅसिसचा नंबर असतो, इंजिनचा असतो, ईसीएमचा नसतो. मेंदू बदलला तरी कायद्याच्या लेखी जीप तीच. जीपला स्वतःला मात्र ते कबूल नसतं. किल्लीतली चिप आणि ईसीएम एकमेकांना ओळखतात. कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला डबा त्याच मॉडेलचा असला तरी अनोळखी किल्लीला तो इंजिन पेटवू देत नाही. म्हणून 'दुसऱ्या गाडीचा लावून बघू' हा सर्वांत सोपा व्यतिरेक आता सहसा जमत नाही. नव्या डब्यात गाडीचा १७ अक्षरांचा नंबर भरावा लागतो, किल्ली शिकवावी लागते, आणि डिझेल गाडी असेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोडही. एकाच मापाचे दोन इंजेक्टर अगदी सारखं डिझेल सोडत नाहीत. कोण किती सोडतो ते नव्या मेंदूला सांगावं लागतं. जुन्यानं वर्षानुवर्षं या इंजिनाच्या खोडी शिकून ठेवल्या होत्या, त्या त्याच्याबरोबर गेल्या. पहिले काही दिवस गाडी जराशी अडखळते. गीतेत देही जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो. इथे वस्त्रं तीच राहतात आणि आतला बदलतो, आणि जुन्या वायरिंगचा दोष, एखाद्या संचितासारखा, नव्याची वाट बघत तिथेच थांबलेला असतो. तो शोधला नाही तर नवाही जळतो.

म्हणून नवा डबा खोक्यातून काढण्याआधी मेकॅनिक पाणी कुठून आलं ते बघतो. वायपरखालच्या पत्र्यावरचं रबर फाटलं होतं, तिथून थेंब वायरिंगच्या अंगानं उतरत थेट कपलरात गेले होते. तो रबर बदलतो आणि वायरिंगला कपलरच्या खाली एक झोळ देतो, म्हणजे पुन्हा थेंब आलाच तर झोळाच्या तळाशी गळून पडेल.

मीमांसकाचा शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो खरंच जड आहे. ईसीएमला स्कॅनरनं तपासलं, स्कॅनरला दुसऱ्या गाडीनं, वायरीला मीटरनं; मीटरला कशानं? असं मागे जात राहिलात तर अंत नाही. याला अनवस्था म्हणतात. दहाव्या शतकातल्या उदयनानं उत्तर दिलं होतं: शंका तुमच्या स्वतःच्या वागण्याशी भांडायला लागली की ती थांबते. भूक लागली की तुम्ही जेवताच, मग अन्नानं भूक भागते का अशी शंका तोंडानं घेण्यात अर्थ नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षानं ते उत्तर उलटवून त्याच्यावरच टाकलं, चौदाव्यात गंगेशानं ते सावरलं. या वादाचा निकाल लागला असं कुणी म्हणू नये. पण गॅरेजात मीटर हातात घेतल्यावर मेकॅनिक सर्वांत आधी काय करतो ते बघावं. दोन्ही पिना एकमेकींना टेकवतो. बीप वाजतो, पडद्यावर शून्य येतं. मग इंजिन बंद असलेल्या चांगल्या गाडीच्या बॅटरीवर टेकवतो, साडेबाराच्या आसपास. आणि मग कामाला लागतो. दिवसातून दहा वेळा, न चुकता, बोलता बोलता.

जीप पेटते. थोडी थरथरते, मग सूर धरते. मेकॅनिक जुन्या डब्यावर मार्करनं गाडीचा नंबर, तारीख आणि 'पाणी' असं लिहून तो फळीवर ठेवतो. तिथे आधीचा एक डबा आहे. तो कोरडा आणि धडधाकट आहे. त्याच्यावर 'चांगला' असं लिहिलंय. दुसरीकडून नवा बसवून आलेल्या गाडीचा तो, मालकानं पिशवीतून आणून दिलेला. नव्यानंही तोच त्रास दिल्यावर इथे कळलं होतं की इंजिनाच्या अर्थिंगचा बोल्ट सैल आहे.

"हा आपल्याला चालणार नाही का?" जीपवाला विचारतो.

"नाही हो, तो व्हॅनचा." मेकॅनिक पॉलिश पेपरचा तुकडा फाडतो आणि जीपच्या अर्थिंगचा बोल्ट उघडून, कुणी सांगितलं नसताना, घासायला बसतो.